आईच्या वॉर्डातली ललकारी

पापलेट तळल्याचा वास आला की मला कुवेतच्या बनेद अल-गार भागातलं आमचं छोटं स्वयंपाकघर आणि बारावीतली एक शुक्रवारची दुपार आठवते. मला अमेरिकेतल्या एका कॉलेजात जायचं होतं. लवकर अर्ज केला तर निकाल डिसेंबरातच लागणार होता, पण प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, अशी अट होती. "म्हणजे नंतर मागे फिरणं नाही. नीट विचार कर गं," बाबा काळजीने म्हणाले. एकुलत्या एका मुलीला एवढ्या लांब धाडायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं, म्हणून मीही महिनाभर घुटमळत होते. आई हातातलं उलथणं तसंच धरून माझ्याकडे वळली. "समज, ते आत्ता हो म्हणाले, तर?" मी काही बोलायच्या आधीच मला हसू फुटलं, ते आवरेचना. "बघा, झाला हिचा विचार करून," आई बाबांना म्हणाली आणि डोळे पुसत तिने तुकडी उलटली. डिसेंबरात होकार आला तेव्हा ती हॉस्पिटलात नर्सच्या ड्यूटीवर होती. मी फोनवर सांगताच ती वॉर्डातच आनंदाने ओरडली, आणि एका पेशंट कुवेती आजींनी, काय झालंय हे विचारायच्या आधीच, त्यांच्याकडे लग्नात देतात तशी जीभ हलवत लांबलचक ललकारी दिली. मग शेजारच्या खाटांवरच्या बायकाही सामील झाल्या. आज त्या कॉलेजच्या गावातच माझं घर आहे, आणि कधीही न पाहिलेल्या त्या आजारी बायका माझ्यासाठी एवढ्या आनंदल्या होत्या, याचं मला अजून नवल वाटतं.