सोपानरावांची गिरणीतली बारी

आमचे थोरले जावई सोपानराव, राहणार कोऱ्हाळे बुद्रुक, अंगानं एवढे दांडगे की चिखलात बसलेला बैल एकट्यानं उठवायचे. पण पोटात त्यांच्या एक चूल कायमची पेटलेली असायची, आणि तिला लाकूड पुरवायचं काम इंदापुरातून चालायचं. इंदापुरात त्यांचे धाकटे साडू मोहनराव राहत.

'आमचे जावई' म्हणजे खरं तर माझ्या भावाचे, अप्पाचे. पण भिगवणला अप्पाचं आणि माझं घर एकाच कुडाला टेकून. त्यामुळे जावयांचा पाहुणचार अप्पानं करायचा आणि त्यांची चेष्टा मी करायची, अशी आमची वाटणी ठरून गेलेली. थोरली कौसल्या सोपानरावांना दिलेली, धाकटी सिंधू मोहनरावांना.

मोहनराव कचेरीत कारकून. पगार बेताचा, छातीही बेताची. पण परळच्या एका कापडगिरणीचे थोडे शेअर त्यांनी घेतले होते, आणि गिरणीची वर्षाची सभा ते कधी चुकवत नसत. भाकरी बांधून घ्यायची, भिगवण स्टेशनात पॅसेंजरचा तिसरा वर्ग धरायचा, ट्रामला पैसे नकोत म्हणून फोर्टात चालत हिंडायचं, धर्मशाळेत पाठ टेकायची, सभेतला फुकटचा चहा दोनदा प्यायचा आणि येताना फुटपाथावरचं एखादं जुनं पुस्तक काखेत मारून यायचं. एवढ्या भांडवलावर ते पुढं वर्षभर बोलत.

आणि बोलायचे छान, हे कबूल केलं पाहिजे. "अप्पा, शेअर चढला म्हणून नाचू नये न् उतरला म्हणून निजू नये. पुस्तकात लिहिलंय, भावाकडं बघू नका, धंदा बघा."

"आमच्या बारामतीच्या गूळबाजारात अडत्याम्होरं म्हणून बघा असं," सोपानराव मधेच फेकत. "ढेप तुमच्याच डोस्क्यावर ठेवून परत धाडील."

कुणी हसत नसे. अप्पा म्हणायचा, "हां मोहनराव, मग मुंबईत त्या होडीतनं बेटावर गेल्यावर काय झालं?"

सोपानरावांचं तोंड बघायला मी मुद्दाम त्यांच्या समोर बसत असे. मोहनरावांना एकदा कावीळ झाली आणि पुण्याच्या डॉक्टरनं तपासलं, तर आमचे सोपानराव आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. कौसल्येनं मला कारण सांगितलं. यांना झाली तेव्हा गावच्या वैदूनंच दोऱ्याची माळ घातली होती!

तर पंचावन्न साली धोंड्याचा महिना आला. अधिक महिना हो, तीन वर्षांनी येणारा. त्या महिन्यात जावयांना घरी बोलावून पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे असतात. थोरल्या जावयाचा पाट सासऱ्याच्या उजव्या हाताला, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. पण त्या दिवशी मोहनराव मुंबईचं काहीतरी सांगत सांगत आत आले, अप्पा ऐकत ऐकत मागून आला, आणि बोलण्याच्या भरात त्यानं त्यांना हाताला धरून उजव्या पाटावर बसवलं. सोपानराव दारात उभेच.

"बसा की सोपानराव, तितं हाय जागा," माझी भावजय प्रयागबाई म्हणाली.

बसले. अनारशाला हात लावला नाही. मी हळूच म्हटलं, "सोपानराव, त्या पाटाखाली गिरणी लागते, गिरणी!"

हे त्यांनी मनावर घेतलं.

पुढं त्यांनी काय केलं ते ऐका. दोन सालं गूळ विकून साठवलेल्या पैशातून, बारामतीच्या एका कापडवाल्याच्या ओळखीनं, पुण्याच्या दलालाकडून त्याच गिरणीचे दोन शेअर घेतले. घरात फक्त कौसल्येला सांगितलं. आणि काय सांगितलं? कोऱ्हाळ्याच्या विहिरीत त्यांचा चार आण्यांचा हिस्सा होता. हिस्सा म्हणजे दर चार दिवसांतून एक दिवस मोट त्यांची. याला बारी म्हणतात. त्या दिवशी विहिरीतलं पाणी त्यांचं, दुसऱ्यानं घागर बुडवली तरी भांडण. आणि दर साल सुगीआधी सगळे हिस्सेदार विहिरीवर बसून बाऱ्या ठरवून घेत. आता गिरणीत हिस्सा म्हटल्यावर वेगळं काय असणार?

"आपली बारी आली की गिरणी आपली," त्यांनी बायकोला समजावलं. "दोनच शेअर हायेत, म्हंजी दिवसभर न्हाय मिळायची. पर घटकाभर तरी चालंलच की आपल्या नावानं. त्या वक्ताला निघंल ते कापड आपलं."

"मोहनरावांनी कवा आणलं न्हाय ते कापड?" कौसल्येनं विचारलं. बाई हुशार.

"त्यो कागदातला माणूस. बारी मागायला छाती लागती!"

अठ्ठावन्न साली सभेची नोटीस आली. इंग्रजीत. कापडवाल्यानं वाचून तारीख सांगितली. वर्षातून एकदा सगळे हिस्सेदार जमतात म्हणजे बाऱ्या ठरवायलाच, यात सोपानरावांना तिळमात्र शंका उरली नाही. शिवाय श्रावण अधिक, धोंड्याचा महिना तोंडावर. मुंबईचं कापड घेऊन भिगवणच्या घरात शिरायचं, सासूच्या पुढ्यात ठाण सोडायचं आणि आपल्या पाटावर जाऊन बसायचं. कौसल्येनं एक रिकामं पोतं धुऊन, वाळवून, घडी घालून दिलं. वर बजावलं, "सिंधूला त्यातलं धडुतंबी द्यायचं न्हाय."

बारामतीहून छोट्या गाडीनं दौंड, तिथून मोठ्या गाडीनं पुणं, मग मुंबई. फोर्टात मोठा हॉल, डोक्यावर पंखे, खुर्च्यांवर पारशी आणि गुजराती मंडळी. तिसऱ्या रांगेत कोट-टोपीतले मोहनराव. सोपानराव पार मागं, पोतं मांडीखाली घेऊन बसले. दोन तास इंग्रजी झालं. लोकांनी हात वर केले, खाली केले. बाऱ्यांचं कुणी नाव काढीना. शेवटी अध्यक्षांनी सगळ्यांवरून नजर फिरवत काहीतरी विचारलं आणि दोघे-तिघे उठून बोलले. सोपानरावांना वाटलं, हिस्सेदार आता उठाय लागले. आता नाही बोललो तर बारी गेली!

ते उभे राहिले. उसाच्या फडात हाळी द्यायचा आवाज तो.

"अध्यक्षसायेब! समदं झालं, पर बाऱ्या कवा ठरवायच्या? आमचे दोन शेअर हायेत. कोऱ्हाळ्यासनं आलोय. आमच्या बारीचं कापड न्यायला ह्ये पोतंबी आणलंय!"

आणि पोतं झटकून वर धरलं.

ज्यांना मराठी येत होतं ते आधी हसले. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, मग ते हसले. मोहनरावांनी मागं वळून पाहिलं. सोपानरावांना वाटलं, हा आता ओळख दाखवायचा नाही. ते बरंही झालं असतं, आयुष्यभर शिव्या द्यायची सोय झाली असती. पण मोहनराव उठले. टोपी सारखी केली आणि इंग्रजीत म्हणाले की हे माझे थोरले साडू, मोठे बागायतदार आहेत. त्यांची अशी सूचना आहे की हिस्सेदारांना गिरणीचं कापड गिरणीच्याच भावानं मिळावं.

हसणं थांबलं. अध्यक्ष म्हणाले, सूचना चांगली आहे, विचार करू. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पारशानं सोपानरावांना बसायला खुर्ची सरकवून दिली.

परतीची वाट दोघांनी बरोबर केली. मोहनरावांनी बोरीबंदरापर्यंत चालवत नेलं, गार पाण्याचा नळ दाखवला, गाडीत खिडकीची जागा धरून दिली, भाकरी मोडून अर्धी पुढं केली.

"घरी मी काही बोलणार नाही हं, सोपानराव."

सोपानराव मला पुढं म्हणाले, "तात्या, त्यानं मला सभेत वळख दिली नसती तर मी त्येला माफ केलं असतं."

धोंड्याचं जेवण ठरल्या दिवशी झालं. मोहनरावांनी शब्द पाळला, म्हणजे खरं ते बोलले नाहीत. पण गप्प राहणं काही त्यांच्यानं होईना. "अप्पा, सोपानरावांनी भर सभेत सूचना मांडली! अध्यक्षांनी मान डोलावली!"

अप्पानं सोपानरावांकडं असं पाहिलं की जणू हा जावई आत्ताच मिळालाय. "या या, हितं बसा," म्हणत उजव्या पाटावर बसवलं. प्रयागबाईनं समई त्यांच्याकडं सरकवली. तीन वर्षं ज्याच्यासाठी पोट जळत होतं तो पाट बुडाखाली आला.

आणि मोहनराव पलीकडून सांगत होते. हॉल कसा, पंखे कसे, सूचना कशी. अप्पाचं तोंड त्यांच्याकडं, प्रयागबाईचं त्यांच्याकडं, दाराआडून सिंधूचे कान त्यांच्याकडं. सोपानराव देवळातल्या नंदीसारखे नुसते बसलेले.

मला राहवेना. म्हटलं, "सोपानराव, पाट हिकडं आला खरा. पर घर अजून तिकडंच बसलंय."

झालं. त्यांनी हातातला धोंडा ताटात टाकला.

"समदं खोटं हाय!"

मोहनराव मधेच थांबले.

"म्या सूचना-बिचना काय मांडली न्हाय! म्या बारी मागितली! गिरणीची बारी! घटकाभर गिरणी माझ्या नावानं सोडा म्हनलं, आन् कापड भरायला पोतं दावलं त्या पारशास्नी!"

कुणालाच काही कळेना. मग ते उभे राहिले आणि सगळं करून दाखवलं: हाळी कशी दिली, पोतं कसं झटकलं, पुढच्या म्हाताऱ्याच्या टक्कलावर भुसकट कसं पडलं, आणि मोहनराव टोपी सारखी करून कसे इंग्रजी बोलले. ते तर इतकं हुबेहूब की अप्पाला ठसका लागला. प्रयागबाई पळी घेऊन मटकन खाली बसली. आतून कौसल्या ओरडली, "पोतं म्याच दिलं हुतं धुऊन!" आणि सिंधू हसत हसत तिच्या गळ्यात पडली. शेजारची चार माणसं आवाज ऐकून आली, तेव्हा सोपानरावांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या खेपेला पारशी दोन झाले होते.

मोहनरावही हसत होते. पहिल्यांदा मनापासून. दुसऱ्यांदा ओठांनी. "पण सूचना खरोखर चांगली होती, कारण कसं असतं की..." त्यांनी सुरू केलं. अप्पा म्हणाला, "थांबा ओ मोहनराव. हां सोपानराव, मग त्यो पारशी काय म्हनला?"

त्यानंतर दिवाळीला मोहनराव आले ते मुंबईत वाट चुकल्याची एक गोष्ट तयार करून. मुंबईचा नकाशा पाठ असलेला माणूस तो! मधेच स्वतःच स्वतःला दुरुस्त करायचे, "नाही, ती गल्ली त्याच्या पुढची." कुणी हसलं नाही.

जेवणानंतर ते कुडाच्या या बाजूला, माझ्याकडं आले.

"तात्या, खरं सांगा. त्या सभेत त्यांची अब्रू राखली कुणी?"

"तुमीच की."

"इंग्रजीत मांडलं कुणी?"

"तुमीच."

"मग एकानं तरी या घरात तसं म्हणावं? उठता-बसता नुसतं सोपानराव, सोपानराव! मला काही वाईट वाटतंय असं नाही हं. पण हे कुणाला सांगू नका."

मी सोपानरावांशिवाय कुणालाही सांगितलं नाही.