नांदेडला पाहिलेला पियानो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीटसं माहीत नाही.

लातुरात मी घरीच पियानो शिकवते. सात वर्षांपूर्वी प्रज्ञा माझ्याकडे यायची, औशाहून, बसनं. तिची आई सुनंदाताई तिकडे नर्स. घरी वाद्य नाही. माझ्याकडच्या तासात बोटं फिरतील तेवढीच. माझी ऋता तिच्याच वयाची — घरात डिजिटल पियानो, आई शिकवणारी. आणि तरी... मी स्वयंपाकघरात असले, की कोण वाजवतंय हे डोकावून बघावं लागायचं नाही. कानाला गोड लागलं की ती प्रज्ञा.

मला ते सहन व्हायचं नाही. शिक्षिकेला असं वाटावं?

दोघी पुण्याला पियानोच्या परीक्षेला बसणार होत्या. घरी वाद्य घ्यायला सुनंदाताईंनी पैसे साठवून आणले.

"मॅडम, एवढ्यात बसंल असं बघा. आमाला त्यातलं काई कळत न्हाई. तुमी म्हणाल तेच घेऊ."

नव्यात तेवढ्यात चांगलं काही येत नव्हतं. पण नांदेडला एक निवृत्त प्राध्यापक आपला डिजिटल पियानो विकणार होते. तो पाहायला मी एकटीच गेले. पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, खऱ्या पियानोसारख्या जड. हळू दाबलं की सूर हळू, जोर दिला की भरून यायचा. किंमतही सुनंदाताईंना झेपणारी. अर्धा तास मी वाजवत बसले — इतका छान होता तो.

परतीच्या बसमध्ये मी काही ठरवलं होतं का? आठवत नाही. लातूरला उतरल्यावर सुनंदाताईंना फोन लावला, एवढं आठवतं.

"आतून गेलाय हो तो. पट्ट्या अडकतात. नका घेऊ."

मग मीच त्यांना लातुरातून एक छोटा कीबोर्ड घेऊन दिला. एकसष्ट पट्ट्या, फुंकरीनं दबतील अशा. परीक्षेला खरा पियानो असणार, हे मला माहीत होतं. पोरगी चार महिने त्या कीबोर्डवर घासत राहिली.

पुण्यात मी दाराबाहेर बसून ऐकत होते. सुरुवात नीट झाली. मग बोटं थकली — मधले मधले सूर उमटेचनात. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली.

ऋता पास झाली.

"मॅडम, माझ्या बोटांत जोरच न्हाई. मला न्हाई जमायचं हे," प्रज्ञा म्हणाली. दोष बोटांचा नाही, कीबोर्डचा आहे — एवढं तरी मला म्हणता आलं असतं ना? मी म्हणाले, "असू दे गं. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

पुढच्या महिन्यापासून ती यायची थांबली. कीबोर्ड कुणाला तरी देऊन टाकला म्हणे. ऋतानंही दोन वर्षांत पियानो सोडला. तिला तो कधी आवडलाच नव्हता.

गेल्या महिन्यात सुनंदाताई पेढे घेऊन आल्या. प्रज्ञाला भोकरला बँकेत नोकरी लागली.

"तुमी सोता नांदेडला जाऊन बघून आलात, मॅडम. न्हाईतर फसलो असतो आमी. प्रज्ञा आजून सांगती समद्यांना."

मी पेढा घेतला. त्यांच्यासमोरच खाल्ला. "आजून एक घ्या की," म्हणाल्या — तोही घेतला.