माझं जेवण किती वाजता?

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं: सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, रात्री आठच्या आत हलकं काहीतरी. मी विचारलं, "माझी सकाळ कुठली धरायची?" मी नर्स. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात कायमची रात्रपाळी, रात्री आठ ते सकाळी आठ. बाई हसून म्हणाल्या, जमेल तसं बसवा. बसवा म्हणे, जशी काही ब्लाउजची बाहीच.

माझी साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिन्यांत उतरली नाही तर रात्रपाळी बंद करा असं लेखी देणार. घरात सगळ्यांना आनंदच झाला. मला नाही. दिवसा वॉर्डात दहा जण दहा गोष्टी सांगतात. रात्री कुणाचा श्वास बिघडला तर पहिला निर्णय माझा असतो. इतकी वर्षं घासून मिळवलेली ही जागा चार पोळ्यांपायी मी सोडणार नव्हते.

मग आठवडाभर तोंडात गेलेलं सगळं लिहून काढलं, मोबाइलवर कॅलरी बघितल्या आणि डोकं फिरलं. सकाळी आल्या आल्या नवऱ्याबरोबर पोहे, कारण त्याला एकट्याला खायला आवडत नाही. दुपारी झोपमोड करून सासूबाईंबरोबर जेवण, कारण त्या थांबून राहतात. संध्याकाळी भाकरी-आमटी, कारण उपाशी कसं पाठवायचं. रात्री डबा, वर दुसऱ्या सिस्टरनी आणलेलं भडंग. यातलं एकही जेवण माझ्या भुकेचं नव्हतं. सगळ्यांची मनं राखता राखता मी साखर वाढवून घेतली होती.

मी वेळा बदलल्या. संध्याकाळी पाचला उठून नीट जेवण, रात्री बाराला मटकीची उसळ आणि काकडी, नंतर उजाडेपर्यंत पाणी. सकाळी मुगाचं एक घावन आणि झोप.

पहिल्याच रविवारी दुपारी दार वाजलं. मटण झालं होतं, आणि आमच्या घरात रविवारच्या मटणाला झोपून राहणं म्हणजे भांडणच.

"उठ की. रस्सा गार व्हायलाय," सासूबाई म्हणाल्या.

"मी पाचला जेवतो, आत्ती. माझं काढून ठेवा."

"दोन घास खा आन् झोप परत."

"दोन दोन घास करतच हितवर आलोय."

मागून नवरा म्हणाला, "पावणं आल्यात. काय म्हणतील, सुनंला उपाशी ठेवत्यात?"

"म्हणू देत. रक्त माझं तपासत्यात, पावण्यांचं न्हाय."

मी दार लावून घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? सासूबाईंनी सकाळपासून मसाला वाटला होता. रश्श्याचा वास दाराखालून येत होता आणि मी रागानं छताकडे बघत पडले होते. झोप लागली नाही, पण उठलेही नाही. पाचला एकटीनं जेवले, भाकरी एकच घेतली. सासूबाई बुधवारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर अगदी हवी तिथं नव्हती, पण चांगली उतरली होती. डॉक्टरांनी काही लेखी दिलं नाही.

नवऱ्यानं रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाला, "झालं की मग. आता मानानं सोड रात्रपाळी."

मी म्हणाले, "सोडायचीच असती, तर त्या रविवारी मटणाला उठलो नसतो व्हय?"