लालबुडी भिंगरी आणि खवीस गुरुजी

खवीस गुरुजी माणसांना अरे-तुरे करायचे आणि पाखरांना अहो-जाहो. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शाळेत त्यांनी मला इतक्या छड्या मारल्या की आमचं वैर वयात येईपर्यंत पक्कं झालं, आणि पुढं आम्ही दोघांनी ते निगुतीनं सांभाळलं.

एका उन्हाळ्यात परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या अडत दुकानाच्या छताला पाखरांच्या जोडीनं चिखलाचं घरटं बांधलं. खाली सोयाबीनच्या पोत्यांवर घाण. काही दिवस चिखलाचे गोळे येत राहिले, मग एकदम बंद. जोडी सोडून गेली म्हणून मी बांबू उचलला, तो गुरुजींनी मागून धरला.

"कोणतं पाखरू हे?"

"लांब शेपटी. तारवाली भिंगरी."

"गाढवा, तारवालीचं पोट पांढरं. ह्यांच्या पोटावर रेघा बघ, कंबर तांबूस बघ. तारवाली उघडी वाटी बांधते. ह्या बाईंनी नळीच्या तोंडाची सुरई बांधली. लालबुडी भिंगरी. अन् मातीचं काम थांबलं म्हंजे अंडी घातली. आता दोघं पाळीनं बसून राह्यलेत. तू बसला होतास कधी पोरांसाठी?"

दुसऱ्या दिवसापासून ते वही घेऊन माझ्याच गादीवर. पुढं अंडी फुटली, तसे गिऱ्हाईक आलं की खेकसायचे, "हळू बोल, आत पिल्लं हायेत." दोन शेतकरी वैतागून शेजारच्या दुकानात गेले.

अमावास्येला मोंढा बंद. सकाळी दुकान उघडून गादीची पूजा करायची आणि शटर ओढायचं, एवढंच. भिंगऱ्या किडे आणायला बाहेर गेल्या होत्या. हे मला दिसत होतं. तरी मी शटर जमिनीला टेकवलं आणि कुलूप घातलं. आनंदानं घातलं, खोटं कशाला सांगू?

दोन तासांनी गुरुजी माझ्या घराच्या दारात. "कुलूप खोल. बिचाऱ्या शटरवर आपटून राह्यल्यात. पिल्लं संध्याकाळ बघणार न्हाईत."

"मला काय मिळंल?"

त्यांनी हातातली वही मिटली. "तुझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार न्हाई."

सौदा झकास होता. दुकानाशी जाऊन मी शटर गुडघ्यापर्यंत उचललं, तेवढ्यात एक भिंगरी माझ्या पायांजवळून आत गेली.

गुरुजींनी शब्द पाळला. रोज समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे. तिथून घरटं दिसत नव्हतं. पिल्लं उडाली त्या दिवशी विजेच्या तारेकडं बघून मी मुद्दाम ओरडलो, "तीन!"

"चार," गुरुजी कपातून तोंड न काढता म्हणाले. "एक खांबामागं हाये. मोजायला पण न्हाई शिकलास."

गेल्या हिवाळ्यात ते वारले. उन्हाळ्यात जोडी परत आली, जुनंच घरटं लिंपू लागली. मी वेल्डर बोलावून शटरच्या वर वीतभर फट कापून घेतली. शेजारचा अडत्या विचारतो, ही कशाला? मी सांगतो, हवा खेळायला. म्हातारा जिंकला हे मोंढ्यात कुणाला कळता कामा नये.