मे महिन्यातल्या खुर्च्या

मामा त्या ऑफिसात चौतीस वर्षं खुर्च्या लावत होते. लागले शिपाई म्हणून. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, "जरा सभागृहात चार खुर्च्या लावा हो," आणि तिथेच चिकटले. दोनशे चाळीस खुर्च्या, बारा ओळी, पहिली ओळ तेवढी गादीची. कुठली खुर्ची डुगडुगते, कुठल्या खुर्चीच्या खिळ्याने कुणाची पँट फाडली, कुठल्या साहेबांना भाषण ऐकताना झोप लागते आणि म्हणून हाताची खुर्ची द्यावी लागते, सगळं तोंडपाठ. त्यांचं खरं नाव मात्र ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे मामा ते, अगदी केस पांढरे झालेल्या टपालवाल्या कारकुनाचेही.

बाकीचे अकरा महिने एक वेळ परवडले, पण मे आला की मामांच्या नाकी नऊ यायचे. उपक्रम विभागाच्या मॅडम एप्रिल संपायच्या आत दिनांची यादी भिंतीवर लावत. आज याचा दिन, उद्या त्याचा दिन. ज्याच्याकडे वर्षभर ढुंकून बघायचं नाही त्याला एक दिन देऊन टाकला, की उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मोकळे! मॅडमना हे कुणी तोंडावर सांगितलं नाही. मामांनी तर नाहीच. त्यांनी एकदाच तोंड उघडलं होतं, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "मामा, तुम्ही खुर्च्या बघा."

तोंड उघडलं होतं ते बॅनरवरून. ऑफिसचा बॅनर एकच. खाली कायमचं छापलेलं, 'दिनाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि वर ज्याचा दिन असेल त्याची पट्टी चिकटवायची. त्या वर्षी मामा शिडीवर चढून पट्टी लावून खाली उतरले आणि मान वर करून वाचतात तर काय, 'उच्च रक्तदाब दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'! मामा म्हणाले, "मॅडम, रक्तदाबाच्या शुभेच्छा देणं काही बरं दिसत नाही." त्यावर त्यांना ते उत्तर मिळालं. कार्यक्रम झाला, फोटो निघाले, आणि गंमत म्हणजे कुणाच्या काही लक्षातसुद्धा आलं नाही.

यंदाचा मेही तसाच उजाडला. कामगार दिनाला कामगारांना सुट्टी, म्हणून तर कार्यक्रम त्या दिवशी ठेवलेला. सगळे मोकळे असतात ना! मामांना सकाळी सातला बोलावलं. मोठ्या साहेबांनी श्रमाच्या प्रतिष्ठेवर पाऊण तास घसा कोरडा केला आणि मग नुसता हात पुढे केला. पाण्याचा ग्लास त्या हातात ठेवणारा कोण हे बघायची त्यांना गरज पडली नाही. मग हास्य दिन आला. त्याचं परिपत्रक निघालं, सर्वांनी हसण्यास वेळेवर उपस्थित राहावे, आणि हजेरीवर सह्या घेतल्या. हिशेब खात्यातला एक जण हसला नाही तर त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. बिचाऱ्याची दाढ दुखत होती. कुटुंब दिनाला 'कुटुंबाला वेळ द्या' या विषयावरचं व्याख्यान संध्याकाळी सहाला सुरू झालं आणि साडेआठ वाजले तरी पाहुण्यांना आवरेना. मामी घरी एकटीच जेवून बसली होती.

मामी म्हणजे मामांची बायको. ऑफिसात तिला सगळे मामी म्हणत, पण तिला कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिनेही ते सभागृह कधी आतून पाहिलं नव्हतं. तिला सगळी माहिती होती ती मामांच्या तोंडून. ऑफिसातून कुणीही निवृत्त झालं की निरोप समारंभ व्हायचा. चौकटीतलं मानपत्र, फुलांचा गुच्छ, साहेबांचं भाषण, आणि पहिल्या ओळीत मधोमध घरची माणसं. असे साठएक निरोप मामांनी लावून दिले होते आणि घरी येऊन साग्रसंगीत सांगितले होते. मामी ऐकायची आणि दर वेळी म्हणायची, "आपल्या वेळी मी पहिल्या ओळीत बसणार हं. मधोमध. आधीच सांगून ठेवते."

"अगं, खुर्ची माझ्याच हातात आहे!" मामा छाती फुगवून म्हणायचे.

आणि मामांची निवृत्ती होती या मे महिन्याच्या एकतीस तारखेला. त्यांनी यादीत एकतीस तारीख पाहिली. तिथे लिहिलं होतं, तंबाखूविरोधी दिन. मामांचा पत्ताच नव्हता. त्यांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मधमाश्यांचा दिन होता, कासवांचा होता, चहाचासुद्धा होता. दोन दिवस धीर गोळा करून ते मॅडमपुढे जाऊन उभे राहिले.

"मॅडम, एकतीसला मी निवृत्त होतोय."

"अरे वा! अभिनंदन!" मॅडम कॉम्प्युटरमधून डोकं न काढता म्हणाल्या.

"सभागृह वीस मिनिटं मिळालं असतं तर... घरून बायको येणार आहे."

"अहो मामा, त्या दिवशी फुप्फुसांचे मोठे डॉक्टर येताहेत. बघू, शेवटी वेळ उरला तर दोन शब्द बोलू तुमच्याबद्दल."

कार्यक्रमाच्या शेवटी वेळ उरत नसतो, हे जगात मामांइतकं कुणाला माहीत असणार? पण आशा मोठी वाईट. घरी येऊन हा गृहस्थ म्हणतो काय, "ठरलं. तीन वाजता ये."

एकतीस तारखेला मामी अडीचलाच हजर. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, हातात रुमाल. मामांनी सकाळीच पहिल्या ओळीतली मधली खुर्ची पुसूनबिसून तिच्यावर 'राखीव'चा कागद लावून ठेवला होता. आजवर असे हजारो कागद लावले असतील, पण हा कागद त्यांनी दोनदा काढून पुन्हा सरळ चिकटवला. मामी ऐटीत बसली, गादी दाबून पाहिली, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "पंखे पुसलेत का हो कधी?"

तीनला पाहुण्यांचा पत्ता नव्हता. साडेतीनला त्यांच्यासोबतची माणसं आली आणि मॅडमनी मामीला अगदी गोड आवाजात चौथ्या ओळीत हलवलं. पावणेचारला दुसऱ्या ऑफिसातले साहेब लोक आले आणि मामी गेली आठव्या ओळीत. चारला डॉक्टर आले तेव्हा ती शेवटच्या ओळीत, दाराजवळ, त्या खिळ्याच्या खुर्चीवर होती. मामा पडद्याआडून बघत होते आणि आतल्या आत चडफडत होते. आपल्याच हातांनी लावलेल्या खुर्च्या, आणि आपल्याच माणसाला एक मिळू नये?

तेवढ्यात मॅडम धावत आल्या. तोंडचं पाणी पळालेलं. झालं होतं असं, की तंबाखू सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा सत्कार दर वर्षी व्हायचा आणि गेली तीन वर्षं तो त्याच टपालवाल्या कारकुनाचा होत होता. हा बाबा दर वर्षी मेमध्ये सोडायचा आणि जूनमध्ये धरायचा. आज मात्र तो फाटकातच सिगारेट फुंकत उभा होता आणि गाडीतून उतरणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडावरच त्याने धूर सोडला होता.

"मामा, तुम्ही चढा स्टेजवर," मॅडम म्हणाल्या.

"मी? अहो, मी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही!"

"मग सोडलीच आहे की! तुम्हाला सत्कार हवा होता ना? गुच्छ आहे, चौकट आहे, साहेब आहेत. आज नाही तर कधी?" मॅडमनी पेन काढलं, प्रमाणपत्राच्या कोऱ्या जागेवर टेकवलं आणि थबकल्या. "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

मामा तोंड उघडणार इतक्यात बाहेर टाळ्या वाजल्या. मॅडमनी घाईघाईने 'मामा' एवढंच लिहिलं आणि पळाल्या.

आता मामांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच. मामी लांब, दाराजवळ. तिला ऐकू कुठे येणार? तिला दिसेल ते एवढंच, की नवरा स्टेजवर, हातात गुच्छ, शेजारी मोठे साहेब. तेवढं दिसलं की झालं. चौतीस वर्षांची हौस फिटेल. एका गोष्टीचा मात्र त्यांना विसर पडला. आजचा दिवस खास म्हणून माईक त्यांनी स्वतः सकाळी खटपट करून असा दुरुस्त केला होता, की शेवटच्या ओळीपर्यंत श्वाससुद्धा ऐकू जावा.

"चौतीस वर्षं तंबाखूच्या विळख्यात अडकलेले आपले मामा!" मॅडमचा आवाज खणखणीत घुमला. शेवटच्या ओळीत मामीने रुमाल तोंडावर धरला. साहेबांनी गुच्छ दिला, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "दोन शब्द बोला."

मामा माईकसमोर उभे राहिले. समोर दोनशे चाळीस खुर्च्या, आणि पहिल्यांदाच त्या सगळ्या त्यांच्याकडे तोंड करून. सांगायचं होतं पुष्कळ. पण त्या माईकमध्ये मामा आजवर एकच वाक्य बोलले होते, रोज, कार्यक्रमाआधी, रिकाम्या सभागृहात. तेच तोंडून निघालं.

"हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

सभागृह खदखदून हसलं. हास्य दिनाला परिपत्रक काढूनही कुणी इतकं हसलं नव्हतं. टाळ्या पडल्या, आभार मानले गेले, चहा बाहेर ठेवलाय असं जाहीर झालं आणि दोन मिनिटांत सभागृह रिकामं. वेळ उरला नव्हता.

मामी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली.

"तंबाखू? तुम्ही?"

"अगं, तुला मी स्टेजवर दिसावं म्हणून..." मामांनी गुच्छ खाली ठेवला. "मला लाज वाटते गं. शेवटच्या दिवशी खोटा सत्कार घेतला."

मामीने चौकट हातात घेतली. वाचली. उलटून मागची बाजूही बघितली. मग पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं. "बसा तिथे. मधोमध."

"अगं, खुर्च्या गोळा करायच्यात. सहापर्यंत ड्यूटी आहे माझी."

"बसा म्हटलं ना."

मामा बसले. चौतीस वर्षांत त्या गादीवर पहिल्यांदा. मामी पायऱ्या चढून माईकसमोर उभी राहिली, तिने त्यावर दोनदा टिचकी मारली आणि आधी नवऱ्याचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. त्या सभागृहात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

"यांना व्यसन एकच," मामी म्हणाली. "दुसऱ्यांच्या खुर्च्या. आमच्या घरात यांनी आजपर्यंत एक खुर्ची उचललेली नाही. मी सांगून थकले. पण इथे उन्हाळ्यात ताप अंगात घेऊन आलेत, आमच्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आलेत. का, तर कुणाचा तरी दिन आहे म्हणून. आज यांचा दिन आहे. तो कुठल्या यादीत नव्हता, म्हणून मी करतेय."

मामा रडत होते आणि हसतही होते, आणि राखीवचा कागद त्यांच्या पाठीला चिकटला होता. तेवढ्यात दार उघडलं. हातात चहाचा कप घेऊन मॅडम आत डोकावल्या.

"मामा, अहो खुर्च्या अजून तशाच? उद्याच्या कार्यक्रमाला..."

"कार्यक्रम चालू आहे," मामी माईकमधून म्हणाली. "बसून घ्या."

मॅडमनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग दाराजवळची, शेवटच्या ओळीतली ती खिळ्याची खुर्ची ओढली आणि निमूट बसल्या.