उंच जोत्याचे गाळे

कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा आमच्या अष्टमी गावात रस्त्याला लागून दोन गाळे बांधले. पुरात कुंडलिका नदीचं पाणी कुठवर येतं ते लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून जोतं मुद्दाम उंच घेतलं. शटरपुढे पाच पायऱ्या आल्या.

दोन वर्षं गाळे बंद. एजंट माणसं आणायचा. ती आत फिरायची, 'छान आहे' म्हणायची आणि स्टेशनच्या बाजूला जागा घ्यायची. एजंट म्हणे, "काका, मंदी आहे. लोक सगळं मोबाइलवर मागवतात. भाडं उतरवा." मी दोनदा उतरवलं. पण पेणला माझ्या साडूचा गाळा रिकामा झाला की महिन्याभरात दुसरा भाडेकरू यायचा, त्यामुळे मंदीचं कारण काही पटेना.

आदिवासी वाडीवरची एक बाई माझ्या पायऱ्यांवर रानभाजी घेऊन बसायची. एकदा एजंट कुणाला तरी घेऊन येणार होता, म्हणून मी तिला उठायला सांगितलं. तिनं टोपली उचलली आणि म्हणाली, "काका, गाळा नाय जायचा तुमचा."

"का गो?"

"म्हातारी माणसं भाजीपन खालनंच मागतात. वर कोन चढतंय? मी रोज बघते."

मला रागच आला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "खरंच बोलली ती. माझेसुद्धा गुडघे दुखतात तिथे. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

ऐकलं नसतं. चार दिवस धुसफुसलो, मग गवंड्याला बोलावून पायऱ्या फोडल्या आणि गाळ्यांच्या लांबीनं उतार काढून कठडा लावला. पुढे एक चष्मेवाला जागा बघायला आला. सोबत त्याची आई होती. ती कठडा धरून सावकाश वर गेली, आत उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, "घे ही." अकरा महिन्यांचा करार झाला, पुढे तो वाढवलाही. दुसरा गाळा अजून रिकामाच आहे.

त्या बाईसाठी मी बाजूला छोटा ओटा बांधून घेतला होता. ती एक दिवस बसली. "हितं ऊन लागतंय, नि मी कुनाला दिसत नाय," म्हणाली आणि पुलाच्या तोंडाशी जाऊन बसली. तिचा धंदा तिथे चांगला चालतो.