रेषेवरच्याला विचारू नये

पडदा वर जाऊ द्या. राळेगावच्या शाळेचं मैदान, साल सदुसष्ट, थंडीतली सकाळ. डावीकडे संध्याकाळच्या नाटकासाठी बांधलेला आमच्या मंडळाचा मंच. उजवीकडे उन्हात भरलेला मॅट्रिकचा बीजगणिताचा वर्ग. मधोमध धर्मपाल मास्तर: उंच, काटकुळे, बोटांना सदा खडू. आमचे प्रॉम्प्टरही तेच. मी राजा व्हायचो, पण माझं राज्य त्यांच्या कुजबुजीवर चालायचं.

मी मंचावर संवाद घोकत होतो. खाली जया नावाच्या विद्यार्थिनीनं फळ्यावर ‘य > क्ष²’चा आलेख काढला. वाटीच्या आकाराची तुटक रेषा आखली ती बरोबर, पण रंगवलं वाटीच्या बाहेर.

“बाहेर काहून रंगवलं?” मास्तरांनी विचारलं.

“सर, आरंभबिंदू घालून पाहिला. शून्य काही शून्यापेक्षा मोठं नाही. म्हणून आतली बाजू खोटी.”

“अन् आरंभबिंदू हाय कुठं?”

जयानं फळ्याकडे पाहिलं. “रेषेवरच.”

“मग तो आतलं-बाहेरलं काय सांगन? रेषेपासून दूर असन त्याले विचार.”

तिनं वाटीच्या आतला बिंदू घेतला. क्ष शून्य, य एक. खरं निघालं. लाजत तिनं सगळं पुसलं आणि आत रंगवलं.

दुपारी मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलराव मैदान आखायला आले. चुन्याची रेघ दरवर्षीच्या जागी पडली. आत सतरंज्या. बाहेर, पार मागच्या निंबाखाली, बौद्ध मंडळींनी उभं राहायचं. मास्तरांची आई मथुराबाई नाटक तिथूनच बघायची. मास्तर शांतपणे म्हणाले, “यंदा माय सतरंजीवर बसली तर मी प्रॉम्प्टिंगला बसीन.”

“अहो मास्तर, कोनं अडवलं? त्यायलेच तिथं बरं वाटते. इचारा या उकंडाले, तुमचाच मानूस हाय.”

उकंडा मंचाला टेकून गॅसबत्त्या पुसत होता. बत्त्यांसाठी तेवढं त्याला रेघेच्या आत यावं लागे. खाली बघत तो म्हणाला, “बराबर हाय मालक. काही तरास नाही.”

“उकंडाभाऊले नका विचारू,” मास्तर म्हणाले. “तो बत्तीपुरता आत हाय. रेषेवरचा. निंबाखालच्याले विचारा.”

तेवढ्यात मथुराबाई लेकाचा डबा घेऊन आली. विठ्ठलरावांनी हटकलं, “काय वं मथुराबाई, निंबाखालून नाटक दिसते ना नीट?”

“दिसते ना पाटील. राजाचा मुकुट चमकते, तेवढा दिसते. खाली तोंड असन, असं आम्ही समजून घेतो.”

मी खदखदून हसलो. मुकुट माझाच होता. विठ्ठलराव मात्र हसले नाहीत. चालत निंबाखाली गेले, मंचाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. परत आल्यावर एवढंच बोलले, “सतरंजी हाय. बसा.”

संध्याकाळी मथुराबाई आली ती निंबाखालच्या साऱ्या बाया घेऊन. काही जण उठून गेले, काही सरकले. मास्तर विंगेत बसले आणि माझं राज्य वाचलं.

दोन वर्षांनी मास्तरांची ढाणकीला बदली झाली. एस.टी.वर पोचवायला मी गेलो. मथुराबाई खिडकीशी बसली होती, मांडीवर गाठोडं. मास्तरांचा एक पाय पायरीवर, कंडक्टर घाई करतोय. मी विचारलं, “मास्तर, खरं सांगा, हे गाव कसं वागलं तुमच्याशी?”

ते हसले. खिडकीकडे बोट केलं.

“मले कायले विचारता राजे? मले तर खुर्ची होती. मायले विचारा.”